बाळाच्या घरापर्यंत

लहान मुलाचा श्वास मोजायचा तर पूर्ण एक मिनिट मोजावा लागतो. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं, हे इथं चालत नाही. तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत नसतोच. ते चार श्वास भराभर घेतं, जरा थांबतं, मग पुन्हा घेतं. मोजताना बाळ रडत नसावं, दूध पीत नसावं, आईच्या मांडीवर शांत असावं आणि अंगातलं झबलं वर केलेलं असावं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी मर्यादा मिनिटाला 60, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50, एक ते पाच वर्षांपर्यंत 40. खोकला आहे आणि श्वास या आकड्याला पोहोचला किंवा पुढे गेला, तर न्यूमोनिया धरून उपचार सुरू करायचे. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर थेट रुग्णालय गाठायचं. एवढं ठरवायला एक्स-रे लागत नाही, रक्ताची तपासणी लागत नाही, स्टेथोस्कोपसुद्धा लागत नाही.

एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षात बालरोगाच्या ओपीडीत मॅडमनी आमच्याकडून हे करून घेतलं, तेव्हा बॅचमधल्या बहुतेकांचं लक्ष दुसरीकडे होतं. परीक्षेला हृदयाच्या झडपांची केस येते, वाढलेली प्लीहा येते, नेफ्रोटिक सिंड्रोम येतो. श्वास मोजता येतो का, हे परीक्षक सहसा विचारत नाहीत. मला मात्र ते मिनिट सोडवेना. जगभर पाच वर्षांच्या आतल्या मुलांचे जीव घेणाऱ्या आजारांत न्यूमोनिया अगदी वर आहे, आणि तो ओळखायला घड्याळ, डोळे आणि थोडा धीर पुरतो. म्हणजे ते काम डॉक्टरनेच केलं पाहिजे असं काही नाही. मग ते कोण करतं? कुठे करतं? वेळेवर करतं का? माझी पुढची वर्षं या प्रश्नांच्या मागे गेली.

पीजीचा विषय निघाला की आमच्याकडे रेडिओलॉजी, डर्मा, मेडिसिन अशी यादी सुरू होते. पीडियाट्रिक्स म्हटलं की सीनियर दोन गोष्टी सांगतात: रात्रीचे कॉल फार, आणि घाबरलेले नातेवाईक फार. दोन्ही खऱ्या आहेत. मी वाशीम जिल्ह्यातल्या शेतकरी घरातली. बाबांना मी सर्जन व्हावं असं वाटायचं. आईचा कशालाच विरोध नव्हता, फक्त घराजवळ राहावं एवढंच तिचं म्हणणं होतं.

मुलं गोड असतात म्हणून मी इकडे वळले, असं लोकांना वाटतं. गोड तर असतातच. पण मला ओढून घेतलं ते मुलांच्या शरीराच्या वेगाने. सकाळी अंगणात खेळणारं पोर संध्याकाळी जुलाबांनी डोळे खोल गेलेलं, चिमटा घेतला तर पोटाची कातडी तशीच उभी राहणारी असं समोर येतं. आणि तेच पोर, पाणी वेळेवर भरून निघालं तर, दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावर उभं राहून बिस्किट मागतं. मोठ्या माणसांच्या वॉर्डात असा बदल इतक्या लवकर मी क्वचित पाहिला. इथे प्रत्येक औषध किलोच्या हिशोबाने द्यायचं, म्हणून प्रत्येक मुलाचं वजन स्वतः करायचं. रुग्ण बोलत नाही, म्हणून आई काय बोलते ते नीट ऐकायचं. ‘डॉक्टर, हे आज वेगळंच करतंय’ असं आई म्हणाली की रिपोर्ट कितीही चांगले असोत, पुन्हा तपासायचं. आईच्या वाक्याला इतकं वजन देणारी दुसरी शाखा मला माहीत नाही.

दुसरा धागा पीएसएमच्या तासाला सापडला. प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र हा विषय विद्यार्थी पाठांतराचा धरतात. पाण्यातलं क्लोरीन, योजनांची नावं, त्या सुरू झाल्याची वर्षं. त्यातच मी पहिल्यांदा जामखेडचं वाचलं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या त्या दुष्काळी भागात काम सुरू केलं आणि गावानेच निवडलेल्या बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. त्यांतल्या कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं, कितीतरी दलित वस्तीतल्या होत्या. त्या गावात परत जाऊन बाळंतपणं करू लागल्या, मुलांची वजनं घेऊ लागल्या, जुलाब झालेल्या मुलाला काय पाजायचं ते आयांना दाखवू लागल्या. 1978 मध्ये अल्मा-आटाच्या परिषदेत जगातल्या देशांनी प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा केला, तेव्हा असं काम होऊ शकतं हे दाखवायला जामखेडसारखी गावं हाताशी होती.

मग गडचिरोली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथल्या 39 गावांत केलेलं काम 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं. तोवरची समजूत अशी होती की आजारी नवजात बाळाला रुग्णालयाशिवाय वाचवता येत नाही. पण त्या गावांत बहुतेक बाळंतपणं घरी व्हायची आणि ओल्या बाळंतिणीला, तान्ह्या बाळाला घराबाहेर काढत नसत. रुग्णालय होतं, बाळ तिथे येत नव्हतं. म्हणून गावातल्याच बाईला शिकवलं: घरी जायचं, बाळाला उबदार ठेवायचं, तापमान घ्यायचं, वजन घ्यायचं, श्वास मोजायचा, जंतुसंसर्गाच्या खुणा ओळखायच्या आणि गरज पडली तर इंजेक्शनही द्यायचं. तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी कमी झाले. हा आकडा मी वहीत लिहून ठेवला. नामांकित रुग्णालयातला नवा विभागसुद्धा इतका फरक सहजी घडवत नाही.

एमबीबीएसनंतरची बंधपत्राची, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेची, नेमणूक मी मागून मेळघाटात घेतली. घरी काळजी वाटणं साहजिक होतं. 1990 च्या दशकापासून मेळघाट म्हणजे कुपोषणाच्या बातम्या, न्यायालयातल्या याचिका, मंत्र्यांचे दौरे. बाबांनी ते नाव पेपरातच वाचलं होतं, आणि मीही.

परतवाड्याहून घाट चढून सेमाडोह, हरिसाल करत धारणीकडे जाताना सागाचं जंगल संपतच नाही. कोरकू आदिवासींचं गाव पाहिलं की आधी डोळ्यांत भरते ती त्याची रचना. समोरासमोर घरांच्या दोन सरळ ओळी, मध्ये रुंद रस्ता, सारवलेली अंगणं, भिंतींवर हात फिरलेला. इतकी स्वच्छ घरं आणि त्याच घरांत हाताच्या दंडावर पट्टी लाल दाखवणारी मुलं. गरिबी आणि अस्वच्छता यांची जी सांगड शहरात बसून घातली जाते, ती तिथे पहिल्या आठवड्यात सुटली.

ती पट्टी म्हणजे दंडघेराची पट्टी. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या डाव्या दंडाच्या मध्यावर ती गुंडाळायची. 11.5 सेंटिमीटरच्या खाली भरली तर मूल तीव्र कुपोषित, म्हणजे सगळे ज्याला ‘सॅम’ म्हणतात ते. अंगणवाडीताई ही पट्टी पर्समध्ये ठेवायच्या आणि आठवडी बाजारातसुद्धा एखादं पोर दिसलं की काढायच्या.

कुपोषित मुलाला भरपूर खाऊ घातलं की झालं, असं मलाही शिकण्याआधी वाटलं असतं; तसं नसतं. उपासमारीत शरीर आपली सगळी कामं मंद करून टाकतं. हृदय अशक्त, मूत्रपिंड अशक्त, आतड्याचं अस्तर पातळ. अशा मुलाला घाईने पोटभर जेवण किंवा भराभर सलाइन दिलं तर त्याने त्याचा जीव जाऊ शकतो. म्हणून पोषण पुनर्वसन केंद्रात पहिले दिवस दर दोन तासांनी, रात्रीही, मोजून दूध. 100 मिलिलिटरला 75 कॅलरी असलेलं, नावही त्यावरूनच एफ-75. रात्री मूल गार पडू द्यायचं नाही, साखर उतरू द्यायची नाही. पायांवर सूज असेल तर सुरुवातीला वजन उलट कमी होतं आणि आई घाबरते. सूज उतरतेय म्हणून वजन कमी दिसतंय, हे तिला रोज समजावायचं. मग एका सकाळी भूक परत येते. सिस्टर सांगायच्या, ‘मॅडम, वजनकाटा नंतर बघा, आधी पोर हसतंय का ते बघा.’ तीव्र कुपोषणात मूल हसायचं थांबतं, नुसतं किरकिरतं किंवा गप्प पडून राहतं. ज्या दिवशी ते हसतं त्या दिवशी ते वळणावर आलेलं असतं. सिस्टरांचं हे निरीक्षण मी नंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकांच्या आधाराने पडताळलं. ते बरोबर निघालं.

पण या केंद्रात दोनेक आठवडे राहायचं म्हणजे आईने राहायचं. तिची मजुरी बुडते. बुडीत मजुरीची तरतूद आहे, ती वेळेत मिळायला हवी. घरी आणखी दोन मुलं असतात, शेळ्या असतात, सोयाबीनची खुरपणी असते. पावसाळ्यात सगळं एकदम येतं. घरातलं धान्य संपत आलेलं, आई दिवसभर शेतावर, पाणी गढूळ, जुलाब, न्यूमोनिया, मलेरिया, आणि गावाकडे येणारा नाला भरून वाहतोय. मेळघाटात बालमृत्यू पावसाळ्यात वाढतात ते एवढ्या सगळ्या कारणांनी मिळून. मृत्यूच्या नोंदीत बहुतेकदा त्यातलं एकच कारण उरतं.

एका पाड्यावर आशाताईंनी, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्तीने, बोलावून घेतलं. सात महिन्यांची मुलगी, श्वास 60 च्या पुढे, आणि दर श्वासाला बरगड्यांखालची जागा आत ओढली जात होती. आमच्याकडे बायका म्हणतात, पोट उडतंय. तोंडाने दूध ओढणंही तिला जमत नव्हतं. लगेच धारणीच्या रुग्णालयात न्यायला हवं होतं. आई मान हलवून नाही म्हणत होती. मी थेट आईशी बोलू शकत नव्हते, मला कोरकू येत नव्हतं.

आशाताई माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘मॅडम, तिले नाही यायचं असं नाही. घरी दोन लेकरं हायेत, मालक कामाले बाहेर गेला. लेकरं कोणापाशी ठेवू, असं विचारते ते.’

मग ताईंनी पुढची व्यवस्था करायला घेतली. शेजारच्या म्हातारीकडे मुलं, दुसऱ्या घरी शेळ्या, नवऱ्याला निरोप. रुग्णवाहिकेला फोन करून ठेवला होता, तिच्यापर्यंत चालत जायला सोबत एक पुतण्या. तोवर मी अँटिबायोटिकचा पहिला डोस दिला आणि मुलीला आईच्या छातीशी उबदार बांधलं. मुलगी वाचली. जाताना आईने माझ्याकडे पाहिलंही नाही, ती आशाताईंचा हात धरून गाडीत चढली, आणि ते योग्यच होतं.

त्यानंतर केसपेपरवर ‘नातेवाइकांचा नकार’ हे वाक्य वाचलं की मला राग येतो. नकार कशाला होता, हे त्याच्या पुढे लिहिलं गेलं पाहिजे.

काही मुलं पोटावर चटक्यांच्या खुणा घेऊन यायची. पोट फुगलं, श्वास लागला की तापवलेल्या लोखंडाने डागण्या देतात, त्याला तिकडे डंबा म्हणतात. ते दृश्य पाहवत नाही. नवीन आलेला प्रत्येक डॉक्टर आधी आईवर चिडतो. तिथे अनेक वर्षं काढलेल्या एका सरांनी मला सांगितलं, ‘तिने काहीच केलं नसतं तर ती निष्काळजी. तिने जवळ होतं ते केलं. आता तिच्या जवळ दुसरं काय ठेवायचं, ते आपण बघू.’ ते आईवर ओरडत नसत. गावातल्या भुमकाला, म्हणजे पारंपरिक उपचार करणाऱ्याला, ते केंद्रात बोलावून चहा देत आणि पोट उडणाऱ्या बाळाला आधी आमच्याकडे पाठव, मग तुझी पूजा कर, असं सांगत. काही भुमका ऐकायचे, काही ऐकत नसत. जे ऐकायचे त्यांच्या गावांतली मुलं लवकर यायला लागली.

आशाताईंबरोबर गृहभेटीला जाणं हा माझ्या तिथल्या कामातला सर्वांत मोलाचा भाग होता. 2011 पासून गडचिरोलीचा तो प्रयोग देशभर आशांमार्फत चालतो. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी भेट. घरी जन्मलं असेल तर पहिल्या दिवशीही. ताई पिशवी उघडण्याआधी हात धुवायच्या. मग बाळाला हात न लावता आईला पाजायला सांगायच्या आणि नुसत्या बघायच्या: ओढ आहे का, गिळतंय का, किती वेळात दमतंय. मग काखेत थर्मामीटर. मग श्वास. शेवटी झोळीच्या काट्यावर वजन, कारण वजन घेताना बाळ रडतं आणि रडलं की बाकीचं काही बघता येत नाही. हा क्रम एखाद्या निष्णात बालरोगतज्ज्ञालाही शोभावा असा. अशाच एका बाळाचं वजन दोन किलोच्या आत आणि तापमान 36 च्या खाली होतं. ताईंनी त्याचे कपडे काढले, आईच्या उघड्या छातीवर उभं ठेवलं, डोक्याला टोपडं घातलं आणि वरून दोघांना मिळून लुगड्याने बांधलं. आजी नाराज होती, एवढ्या लहान जिवाला उघडं कशाला करता म्हणून. ताई तिला म्हणाल्या, ‘तू हात लावून बघ ना थोड्या वेळाने.’ आजीने तासाभराने तळव्यांना हात लावून पाहिला, आणि मग सुनेला उठू दिलं नाही.

त्या सगळ्या भेटींचे मिळून आशाताईला केंद्र सरकारच्या योजनेत 250 रुपये ठरवले गेले. ही रक्कम फार कमी आहे, आणि हे मी प्रत्येक व्यासपीठावर म्हणत आले आहे.

रात्री केंद्रात मी जागतिक आरोग्य संघटनेचं मुलांच्या उपचारांचं खिशात मावणारं पुस्तक वाचायचे. छोट्या रुग्णालयातल्या डॉक्टरसाठी लिहिलेलं ते पुस्तक आफ्रिकेतल्या जिल्हा रुग्णालयांतही असतं. 50 श्वासांची मर्यादा तीच, 11.5 सेंटिमीटर तेच, एफ-75 तेच. यातली प्रत्येक गोष्ट कुठून आली ते मी शोधत गेले, आणि बहुतेक वेळा ती गरीब आणि अडचणीच्याच ठिकाणी सापडली.

क्षारसंजीवनीचं उदाहरण घ्या. 1971 साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाइन संपत चाललं होतं. डॉ. दिलीप महालनबीस, पिंडाने बालरोगतज्ज्ञ, त्यांच्यापुढे पर्याय उरला नव्हता. कॉलऱ्यात आतड्यातून पाणी वाहून जातं, पण ग्लुकोजबरोबर मीठ आत घेणारी वाट चालूच राहते, आणि मिठाच्या मागे पाणीही आत जातं. हे प्रयोगशाळेत कळलं होतं, ढाक्यात रुग्णांवर तपासूनही झालं होतं, पण छावणीच्या चिखलात, नातेवाइकांच्या हातून ते करण्याची हिंमत कोणी केली नव्हती. महालनबीसांच्या चमूने ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा मोजून पुड्या भरल्या, पिंपांत द्रावण कालवलं आणि आयांच्या, बहिणींच्या हातात पेले दिले. मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. त्याआधी ते तिथेच सुमारे तीस टक्के होतं. 2022 मध्ये ते गेले, आणि पद्मविभूषण त्यांना मरणोत्तर मिळालं. आमच्या पाठ्यपुस्तकात त्यांचं नाव ठळक असायला हवं होतं.

आईच्या छातीशी बाळ बांधायची पद्धत 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एद्गार रेय यांनी सुरू केली. तिथल्या रुग्णालयात काचेच्या पेट्या अपुऱ्या होत्या, एकेका पेटीत एकाहून जास्त बाळं, त्यातून संसर्ग. तेव्हा अनेकांनी हा गरिबांचा नाइलाज मानला. 2021 मध्ये भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानियातल्या पाच रुग्णालयांत मिळून झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. कमी वजनाचं बाळ स्थिर होईपर्यंत न थांबता जन्मल्यापासूनच आईजवळ ठेवलं तर मृत्यू 25 टक्क्यांनी कमी होतात, असं त्यात दिसलं. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने सल्ला बदलला. पाड्यावरच्या आजीने तळव्याला हात लावून जे ताडलं, ते आता सगळ्या जगाला लागू आहे.

एमडीसाठी मुंबईला आले आणि एकदम दुसऱ्या टोकाला पोहोचले. एनआयसीयूत, म्हणजे नवजात अतिदक्षता कक्षात, 900 ग्रॅमचं बाळ, नाकात सीपॅपची नळी, बेंबीतून घातलेली बारीक नळी, मॉनिटरचे आवाज. अशी बाळं वाचवता येतात, आणि ती वाचवायलाच हवीत. ते काम मी जीव ओतून शिकले. पण जव्हार-मोखाड्याकडून एक केंद्र, दुसरं रुग्णालय, तिसरं रुग्णालय असं करत आलेलं दोन किलोचं बाळ वाटेत गार पडून दारात पोहोचायचं, तेव्हा आमच्या सगळ्या यंत्रांना उशीर झालेला असायचा. त्याला वाटेत लागत होती ती ऊब, आईचं दूध आणि साखर तपासणारा एक माणूस. 900 ग्रॅमचं वाचतं आणि दोन किलोचं जातं, हे मला कधीच पटलं नाही.

तान्हं बाळ असं जाणं नवं नाही. आनंदीबाई जोशींचं बाळ दहा दिवसांचं होऊन गेलं, तेव्हा त्या स्वतः चौदा वर्षांच्या होत्या. त्या दुःखातून त्या फिलाडेल्फियापर्यंत गेल्या आणि 1886 मध्ये डॉक्टर झाल्या. आजही पाच वर्षांच्या आत जाणाऱ्या मुलांपैकी जवळपास निम्मी जन्मापासून 28 दिवसांच्या आत जातात. 2022 मध्ये जगात पाच वर्षांच्या आतली 49 लाख मुलं गेली. 1990 मध्ये हा आकडा सव्वा कोटीच्या आसपास होता. एवढी घट माणसांनी केली आहे, आणि उरलेलंही माणसांच्याच हातात आहे.

सोबतचे काही जण ग्लोबल हेल्थ म्हणजे परदेशातला अभ्यासक्रम आणि नंतर जिनिव्हातली नोकरी समजतात. तिथेही चांगली माणसं लागतात, मी त्यांना कमी लेखत नाही. पण मी ग्लोबल हेल्थ शिकले ती धारणी तालुक्यात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनलेली मेंदूज्वराची लस डिसेंबर 2010 मध्ये बुर्किना फासोत पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दिली गेली, अर्ध्या डॉलरच्या आत एक डोस अशा किमतीत. त्या पट्ट्यातला ‘ए’ प्रकारचा मेंदूज्वर त्यानंतर जवळपास नाहीसा झाला. मलेरियाची आर-21 लसही ऑक्सफर्ड आणि पुण्याचीच, तिच्या वापराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये केली. लस इथून तिकडे जाते, आईच्या छातीवरची ऊब बोगोटाहून इथे येते, पाण्याची पुडी बनगावहून सगळीकडे. गडचिरोलीच्या बाईचं काम दुसऱ्या खंडातल्या गावांत शिकवलं जातं. मेळघाटातलं बाळ वाचवणं आणि मलावीतलं बाळ वाचवणं हे एकच शास्त्र आहे, आणि ते दोन्हीकडच्या लोकांनी मिळून घडवलं आहे.

एमडी संपल्यावर मी आदिवासी जिल्ह्यातल्या नवजात अतिदक्षता कक्षात रुजू होणार आहे. यंत्रं तिथेही लागतील. पण कक्षातून घरी गेलेल्या प्रत्येक कमी वजनाच्या बाळाचं नाव त्याच दिवशी त्या गावच्या आशाताईंकडे पोहोचलं पाहिजे, आणि तिचा निरोप परत आमच्याकडे आला पाहिजे, ही साखळी बांधणं मला यंत्रांइतकंच महत्त्वाचं वाटतं. कोरकू मी शिकते आहे.

इंटर्नशिपमधल्या मुलामुलींना माझी एक विनंती आहे. ग्रामीण भागातली पोस्टिंग नीट-पीजीच्या अभ्यासासाठी उरकून टाकू नका. तिथल्या आशाताईंचा नंबर घ्या. गावात बाळ जन्मलं की तिसऱ्या दिवशी त्यांच्यासोबत त्या घरी जा, त्या सांगतील तिथे बसा, आणि घड्याळ हातात घेऊन पूर्ण एक मिनिट मोजा.